सरळ रेषेत चालून दाखवा

२९ मे १९५१ च्या रात्री मुंबईत कुलाब्याला एका जीपने तिघांना उडवलं. दोन बायका, एक पुरुष. जीप चालवणाऱ्याचं नाव बेहराम खुर्शेद पेसिकाका आणि हुद्दा मुंबई विभागाचा प्रभारी रिजनल ट्रान्स्पोर्ट ऑफिसर. म्हणजे चक्क आरटीओ साहेब! लोकांना लायसन्स देणाऱ्या खात्याचा माणूस.

पोलिसांनी त्याला सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी तपासून टिपण केलं ते साधारण असं: तोंडाला दारूचा वास येतोय, डोळे लालसर आहेत, बाहुल्या थोड्या मोठ्या झाल्यात पण उजेडाला प्रतिसाद देतात. बोलणं सुसंगत आहे. वागणं ठीक आहे. सरळ रेषेत चालता येतंय. शेवटी मत दिलं, की या माणसाने कुठल्या ना कुठल्या रूपात अल्कोहोल घेतलंय, पण तो दारूच्या अमलाखाली आहे असं दिसत नाही.

पेसिकाकाचं म्हणणं होतं, मी दारू प्यायलोच नाही, टॉनिक घेतलंय. टॉनिकचं नाव बी. जी. फॉस. त्यात सतरा टक्के अल्कोहोल असतं, हे कोर्टात पुराव्यात आलं. बिअरच्या तिप्पट, आणि मिळायचं औषधाच्या दुकानात.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. कायद्याशी माझा संबंध इतकाच, की 'आय ॲग्री'वर न वाचता टिचकी मारतो. पण मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोघांना चिरडलं, ते दोघे चोवीस-चोवीस वर्षांचे सॉफ्टवेअर इंजिनिअर होते. आमच्या ऑफिसात त्यानंतरचे काही आठवडे दुसरा विषय नव्हता. प्रत्येकाला रक्ताच्या नमुन्याबद्दल मत होतं, आणि कायदा नेमका काय म्हणतो ते कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून मी जुने निकाल वाचायला घेतले. बसमध्ये, फोनवर, झूम करकरून. पेसिकाकाचा निकाल त्यात सापडला, आणि पुढचे कित्येक महिने मी त्याच धाग्यामागे फिरत राहिलो. कारण नशेत गाडी चालवण्याच्या आपल्या कायद्याचा बहुतेक इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: नशा सिद्ध कशी करायची? दारूपुरतं या प्रश्नाचं उत्तर आपण कसंबसं शोधलं. बाकीच्या नशांच्या बाबतीत आपण अजून सेंट जॉर्जेसच्या त्या खोलीत, डॉक्टरसमोर उभे आहोत.

*

त्या खोलीच्याही मागे जरा जाऊ. १० सप्टेंबर १८९७ ला लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या टॅक्सीवाल्याने आपली विजेवर चालणारी टॅक्सी एका इमारतीवर घातली. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल शिक्षा झालेला हा पहिला माणूस मानतात. दंड पंचवीस शिलिंग. (इलेक्ट्रिक गाड्या नव्या आहेत असं वाटणाऱ्यांनी सन पुन्हा वाचावा.) पुढे १९३० मध्ये ब्रिटनने रोड ट्रॅफिक ॲक्ट केला. त्यात गुन्ह्याची व्याख्या होती ती अशी: दारूच्या किंवा ड्रगच्या अमलाखाली इतका असणे, की वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ व्हावे. भारतातल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने जवळपास हेच शब्द उचलले. हे शब्द लक्षात ठेवा, ते पुन्हा भेटणार आहेत.

'ताबा ठेवण्यास असमर्थ' हे ठरवणार कोण? डॉक्टर. कसं? नाक, डोळे, आणि जमिनीवरची एक रेषा. ज्याला दारू पचवायची सवय आहे तो रेषेवर छान चालतो. ज्याचा पाय मुरगळलाय तो झोकांड्या खातो. डॉक्टरने थांब म्हटल्यावर सुशिक्षित माणूस इंग्रजीत उत्तर देतो आणि त्याचं बोलणं 'सुसंगत' ठरतं. ट्रकवाला घाबरून तत पप करतो. पेसिकाका बडा अधिकारी होता याचा त्याच्या तपासणीवर परिणाम झाला असं मी म्हणत नाही. पण पद्धतच अशी होती, की परिणाम होऊ शकला असता आणि कागदावर त्याचा मागमूसही राहिला नसता.

मुंबई इलाख्यात मात्र पोलिसांच्या हातात आणखी एक कायदा होता. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. या कायद्याला नशेशी देणंघेणं नव्हतं, पिणं हाच गुन्हा होता. हा कायदा नाव बदलून महाराष्ट्रात आजही आहे. गावोगावच्या बारवर जी 'परमिट रूम' अशी पाटी दिसते, ती त्याचीच शेपटी. म्हणजे पेसिकाका झिंगला होता का, हे सिद्ध करायची गरजच नव्हती. प्यायला होता एवढं पुरे.

पण गंमत अशी, की अपघाताच्या बरोबर चार दिवस आधी, २५ मे १९५१ ला, सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात या कायद्याचा एक तुकडा कापून टाकला होता. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं वापरण्यावर बंदी घालता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. सोमवारी-मंगळवारी पेपरात ती बातमी वाचून पेसिकाकाला टॉनिक सुचलं, की तो खरंच टॉनिक घेत होता? मला नाही सांगता येणार. न्यायाधीशांनाही आलं नाही, आणि हाच पेच होता.

खालच्या कोर्टाने त्याला सोडलं. हायकोर्टाने तो निर्णय फिरवून एक महिना सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयात १९५४ मध्ये निकाल लागला तो पेसिकाकाच्या बाजूने. तर्क सरळ होता. आता काही प्रकारचं अल्कोहोल कायदेशीर आहे आणि काही बेकायदेशीर. तोंडाचा वास दोन्हींचा सारखाच. तेव्हा नुसत्या वासावरून माणूस दोषी असू शकतो तसाच निर्दोषही. त्याने बेकायदेशीर दारूच घेतली होती, हे सरकारने सिद्ध करायला हवं. ते झालं नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल घटनेच्या पेपरात शिकवतात, रद्द झालेल्या कलमाचं पुढे काय होतं या मुद्द्यासाठी. मी तो वाचला तेव्हा मला दिसला तो एक माणूस, ज्याने अल्कोहोल घेतलं होतं हे सर्वांना मान्य होतं, ज्याने तिघांना धडक दिली होती, आणि कोर्टासमोरचा सगळा वाद त्याच्या श्वासाच्या उगमाबद्दल होता. त्या तिघांची नावं निकालात सुरुवातीला एकदा येतात. पुढे त्यांचं काय झालं, एक शब्द नाही.

*

निकालाचा धक्का सरकारला बसला असणार. १९५९ मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती करून एक आकडा घालण्यात आला: रक्तात ०.०५ टक्के किंवा जास्त अल्कोहोल सापडलं, तर ते औषधातून आलं हे आरोपीने दाखवायचं. ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं. आणि सोबत आले रक्त तपासणीचे नियम.

हे १९५९ चे नियम मी दोनदा वाचले. आमच्याकडे एखादी फाइल या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर गेली, तर वाटेत ती बदलली नाही याची खात्री करायला हॅश लावतात, लॉग ठेवतात. इथे तेच काम सुई, बूच आणि लाखेने केलंय. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करा. कातडी निर्जंतुक पाण्याने पुसा, कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ देऊ नका (इंजेक्शनच्या आधी स्पिरिटचा बोळा फिरवायची सवय हाताला इतकी असते, की हे लिहावंच लागलं असेल). किमान ५ सीसी रक्त शिरेतून काढा. बाटलीत रक्त गोठू नये आणि टिकावं म्हणून द्रव्य आधीच घातलेलं असावं. बाटली जोराने हलवा. सील करा, लेबल लावा. सात दिवसांत तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे पोचवा.

टिकाऊ द्रव्याची गोष्ट तर विलक्षण आहे. रक्तात साखर असते. बाटलीत जंतू किंवा यीस्ट शिरले आणि वातावरण गरम असलं, तर ती साखर आंबते आणि आंबून काय तयार होतं? अल्कोहोल. म्हणजे न प्यायलेल्या माणसाचं रक्त टेबलावर पडल्या पडल्या स्वतःच दारू गाळू शकतं. सोडियम फ्लोराइड ती आंबण्याची क्रिया रोखतं. चिमूटभर पांढऱ्या पावडरवर एखाद्याचा तुरुंगवास अवलंबून.

या नियमांची पहिली मोठी परीक्षा खानदेशात झाली. उखा कोल्हे नावाच्या ड्रायव्हरची गाडी एप्रिल १९६१ मध्ये अपघातात सापडली, त्यात माणूस दगावला. धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात डॉक्टरांना संशय आला म्हणून त्यांनी रक्त काढून ठेवलं, पोलिसांनी सांगायच्या आधीच. खटला १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला. प्रश्न दोन. पोलिसांनी पाठवलेला नसताना काढलेलं रक्त पुरावा म्हणून चालेल का? बहुमताने उत्तर आलं, चालेल. आणि दुसरा: रक्त काढल्यापासून पुढचे बरेच दिवस ती बाटली कुठे होती, कोणाच्या ताब्यात होती? त्याचा पुरावाच नोंदला गेला नव्हता. कोर्टाने त्यावर आणखी पुरावा घ्यायला सांगितलं.

साठ वर्षांपूर्वी धुळ्यात जो प्रश्न पडला, तोच पुण्यात पडला. फरक इतकाच, की तिथे बाटली कुठे होती हे माहीत नव्हतं आणि इथे बाटलीत रक्त भलत्याचंच होतं असा आरोप आहे. खटला चालू आहे म्हणून मी 'आरोप' हाच शब्द वापरतो.

१९७१ मध्ये बच्चूभाई करयानी खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने दारच लावून घेतलं. वास येत होता, चाल अडखळत होती, बोलणं विसंगत होतं, बाहुल्या मोठ्या होत्या. चारही गोष्टी एकत्र होत्या. तरी कोर्ट म्हणालं, यावरून दारू प्यायला होता हे सिद्ध होत नाही, रक्ताची किंवा लघवीची तपासणी व्हायला हवी होती. पेसिकाकाच्या वेळी नाक बाद झालं होतं, आता डोळे आणि पायही बाद. उरला आकडा.

*

दारूच्या बाबतीत असा आकडा काढता आला, कारण अल्कोहोल हा रेणू तपासणीच्या दृष्टीने फार सोयीचा आहे. तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे शरीरात जिथे पाणी तिथे तो समान पसरतो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात एरिक विडमार्कने १९२०-३० च्या दशकांत दाखवलं, की रक्तातलं अल्कोहोल जवळपास ठरावीक वेगाने उतरतं. कोणी कितीही लिंबूपाणी पाजा. म्हणजे दहा वाजता मोजलं, तर आठ वाजता किती असेल याचा अंदाज मागे जाऊन बांधता येतो. नॉर्वेने १९३६ मध्ये कायद्यात आकडा घातला, जगात पहिल्यांदा.

अल्कोहोल उडतंही, म्हणून ते फुप्फुसातून श्वासात येतं, आणि रक्तातल्या व श्वासातल्या प्रमाणाचं गणित साधारण ठरलेलं असतं: २१०० मिलिलिटर श्वासात जितकं, तितकं एक मिलिलिटर रक्तात. अमेरिकेत इंडियाना राज्यात रोला हार्गरने 'ड्रंकोमीटर' बनवला. फुगा फुगवायचा, त्यातली हवा पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणातून सोडायची, रंग उडाला की माणूस प्यायलेला. त्याच राज्याच्या पोलिसांत फोटोग्राफीच्या कामातून वर आलेल्या रॉबर्ट बॉर्केनस्टाइनने १९५४ मध्ये ब्रेथलायझर केला, तो रंगातला फरक डोळ्याऐवजी फोटोसेलने मोजायचा. आणि मग त्यानेच १९६२-६३ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहरात खरं मोठं काम केलं. अपघात झालेले सुमारे सहा हजार ड्रायव्हर आणि त्याच रस्त्यांवरून सुखरूप जाणारे सुमारे साडेसात हजार, दोघांचाही श्वास मोजला. अल्कोहोल वाढतं तसा अपघाताचा धोका कसा उसळी मारतो याचा आलेख त्यातून निघाला. जगभरातल्या ०.०५, ०.०८ अशा मर्यादांना या आलेखाने बळ दिलं.

भारताने आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा केला तेव्हा कलम १८५ मध्ये आधी लिहिलं, की रक्तात अल्कोहोल कितीही थोडं असलं तरी गुन्हा. १९९४ च्या दुरुस्तीत ते बदलून १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम केलं, ब्रेथ ॲनालायझरवर दिसणारं. म्हणजे ०.०३ टक्के, इंग्लंडच्या निम्म्याहून कमी. आज नाकाबंदीत हवालदार तोंडासमोर जे यंत्र धरतो, त्याच्या मागे विडमार्क आहे, हार्गरचा फुगा आहे, आणि बी. जी. फॉसही आहे.

आकड्यामुळे काय शक्य झालं याचं उदाहरण म्हणजे वांद्र्याचा कार्टर रोड. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे ॲलिस्टर परेराची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात मेले, आठ जखमी झाले. त्याच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचा गुन्हा धरून सहा महिने दिले. हायकोर्टाने सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षं केली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. नुसत्या निष्काळजीपणाला तेव्हा जास्तीत जास्त दोन वर्षं होती, सदोष मनुष्यवधाच्या या भागाला दहापर्यंत. इतकं प्यायल्यावर गाडी चालवली तर माणूस मरू शकतो हे चालवणाऱ्याला ठाऊक असतंच, या तर्काच्या पायाखाली तो आकडा होता. सात जणांना तीन वर्षं. मला हा हिशोब आजही लागत नाही.

*

आता त्याच कलम १८५ चा दुसरा भाग उघडा, ड्रगचा. तिथे आकडा नाही. तिथे लिहिलंय: ड्रगच्या अमलाखाली इतका असणे, की वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ व्हावे. ओळखीचं वाटलं? १९३० चं ब्रिटिश वाक्य, नव्वद-पंचाण्णव वर्षांचं, आपल्या कायद्यात जसंच्या तसं बसलंय. २०१९ च्या दुरुस्तीने दंड दोन हजारांवरून दहा हजार केला, सहा महिन्यांची कैद तशीच ठेवली, दुसऱ्या वेळेला पंधरा हजार आणि दोन वर्षं. 'ड्रग' म्हणजे काय याची व्याख्या ऐसपैस केली, अंमली पदार्थ कायद्यातले सगळे पदार्थ त्यात घेतले. पण 'असमर्थ' म्हणजे किती, हे डॉक्टरवरच सोडलं. अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर माणसाला सोडावं लागतं. आणि त्या दोन तासांत डॉक्टर काय बघणार? चाल, बोलणं, बाहुल्या.

माझ्या वयाच्या कितीतरी जणांचा पक्का समज आहे, की गांजा ओढून गाडी चालवणं सुरक्षित, कारण 'मशिनमध्ये येत नाही'. वाक्याचा दुसरा भाग खरा आहे. नाकाबंदीतलं यंत्र अल्कोहोलच शोधतं. पण अल्कोहोलसाठी आपण जे गणित रचलं, ते गांजाला लागू पडत नाही, हा त्यात दडलेला खरा मुद्दा. गांजातला टीएचसी पाण्यात नाही, चरबीत विरघळतो. ओढल्यावर काही मिनिटांत रक्तात शिखर गाठतो आणि मग झपाट्याने रक्तातून चरबीत आणि मेंदूत सरकतो. तासाभराने रक्तातला आकडा कोसळलेला असतो, नशा मात्र पुढे काही तास टिकते. उलट रोज ओढणाऱ्याच्या रक्तात तो थोडा थोडा अनेक दिवस पाझरत राहतो, आणि लघवीत त्याचे अवशेष काही आठवडेही सापडू शकतात. म्हणजे लघवीची तपासणी सांगते की गेल्या काही दिवसांत ओढला होता. आत्ता, या सिग्नलवर, या माणसाला ब्रेक दाबायला किती उशीर होईल, ते सांगत नाही.

अमेरिकेत व्हर्जिनिया बीच शहरात ग्रँड रॅपिड्ससारखाच अभ्यास केला गेला, २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दारूचा आलेख पुन्हा तसाच उसळला. टीएचसीच्या बाबतीत मात्र वय, लिंग वगैरे गोष्टी हिशोबात धरल्यावर फरक जवळपास उरलाच नाही. याचा अर्थ गांजा निर्धोक असा कोणी काढला तर तो गाढवपणा. सिम्युलेटरवर गांजा घेतलेले लोक लेनमध्ये डुलतात, उशिरा प्रतिसाद देतात, आणि त्यावर दारू घेतली की प्रकरण हाताबाहेर जातं, हे वारंवार दिसलंय. अर्थ इतकाच, की रक्तातला आकडा आणि रस्त्यावरचा धोका यांना जोडणारी ती सरळ दोरी इथे सापडत नाही.

आणि आपण बोलताना नेहमी गांजा, एमडी, पार्टी असंच बोलतो. गेल्या पावसाळ्यात रात्री दोनच्या शिफ्टनंतर कंपनीच्या कॅबमध्ये होतो. ड्रायव्हरदादा पन्नाशीचे, देहूरोडच्या पुढे आल्यावर सारखे खिडकी खाली करत होते.

"दादा, झोप येतेय का?"

"नाही सर, सर्दीची गोळी घेतली संध्याकाळी. डोकं जड झालंय जरा. रोज नाय घेत मी."

मी त्यांना टपरीवर थांबवलं, दोघांनी चहा घेतला, अर्धा तास गेला. रोज न पिणारा, कधी ओवाळून टाकल्यासारखा सिगरेटलाही न शिवणारा माणूस. सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, क्लोरफेनिरामिनसारख्या, मेंदूला सरळ गुंगी आणतात. त्या रात्री काही झालं असतं तर ब्रेथ ॲनालायझरवर शून्य आलं असतं. अंमली पदार्थांच्या यादीत ती गोळी नाही. मात्र अल्प्राझोलाम, म्हणजे झोपेसाठी घरोघरी सर्रास घेतली जाणारी गोळी, त्या यादीत आहे. तेव्हा रात्री ती घेऊन पहाटे पाचला एअरपोर्टला गाडी काढणारे आपले काका कलम १८५ च्या व्याख्येत बसू शकतात, त्यांना याचा पत्ताही नसतो.

ब्रिटनने या पेचावर एक उत्तर काढलं. २ मार्च २०१५ पासून तिथे ड्रगचेही आकडे आहेत. गांजा, कोकेनसारख्या पदार्थांना अगदी खालची मर्यादा, टीएचसीला लिटरमागे दोन मायक्रोग्रॅम, जवळपास शून्यच. डायझेपामसारख्या औषधांना वरची मर्यादा, साडेपाचशे मायक्रोग्रॅम. आणि डॉक्टरने दिलंय, सांगितल्याप्रमाणे घेतलंय, ताबा सुटलेला नव्हता, हे दाखवता आलं तर बचाव. म्हणजे पेसिकाकाचं टॉनिक त्यांनी कायद्यातच बसवलं. नॉर्वेने त्याआधी, २०१२ मध्ये, वीस पदार्थांचे आकडे ठरवले. यावर टीका आहे आणि ती योग्यच आहे: टीएचसीचा दोनचा आकडा धोक्यावरून आलेला नाही, तो 'घेऊच नका' या धोरणावरून आलाय. तरी मला तो आपल्यापेक्षा बरा वाटतो. निदान डॉक्टरचा डोळा आणि आरोपीचा सूट-बूट यांच्यामध्ये एक बाटली तरी आहे.

आपल्याकडे काही राज्यांच्या पोलिसांनी लाळेची किट वापरून पाहिली आहेत. पण किटने 'आहे' म्हटलं तरी कोर्टात पुढे 'असमर्थ होता' हे सिद्ध करावंच लागणार, आणि तिथे बचाव पक्षाचा वकील १९७१ चा निकाल टेबलावर ठेवणार.

*

एका ठिकाणी मात्र वास अजून चालतो. विम्यात.

२२ डिसेंबर २००७ ला दिल्लीत एक पोर्शे (हो, तीही पोर्शेच) फुटपाथला धडकून उलटली आणि जळाली. मालक कंपनीने विमा मागितला. विमा कंपनी म्हणाली, चालवणारा प्यायलेला होता. श्वासाची तपासणी नव्हती, रक्ताची नव्हती. डॉक्टरने वास येत होता एवढं लिहिलेलं. करयानीच्या न्यायाने हे प्रकरण संपायला हवं होतं. पण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. फौजदारी खटल्यात संशयाला जागा राहता कामा नये. विमा हा करार आहे, तिथे शक्यता कुठे झुकते एवढं पुरतं. पहाटेची वेळ, मोकळा रस्ता, गाडीची अवस्था, वास, सगळं मिळून कोर्टाने अर्थ काढला. तपासणीत ३० मिलिग्रॅमच्या वर आकडा हवाच, असं या बाबतीत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर तर तिसऱ्या माणसाला द्यायच्या भरपाईच्या बाबतीतही, चालवणारा दारू किंवा ड्रगच्या अमलाखाली होता, हा बचाव विमा कंपनीला कायद्यातच मिळाला आहे. म्हणजे फौजदारी कोर्टात गाडीवाला सुटू शकतो, आणि त्याच वासावर विमा कंपनी भरपाईतून अंग काढून घ्यायला बघू शकते. मध्ये राहतो तो, ज्याला धडक बसली. १९५१ मध्ये कुलाब्याच्या रस्त्यावर पडलेल्या तिघांसारखा.

दारू प्यायल्याच्या संशयावरून आणलेल्या माणसाला तपासायचा महाराष्ट्रातला फॉर्म मी मागच्या महिन्यात एका डॉक्टर मैत्रिणीकडून मागून बघितला. श्वासाला वास. बोलणं. चाल. डोळ्यांच्या बाहुल्या. तिला विचारलं, एमडी घेतलेला माणूस आणला तर वेगळा कागद असतो का?

"नाही रे," ती म्हणाली, "हाच भरतो. वासाच्या रकान्यात 'नाही' लिहितो."